व्यावसायिक ई-क्रीडेकडे वळणारा तरुण रुग्ण : निदान, दिनचर्या व चिकित्साविचार

प्रास्ताविक

सातारा येथील आमच्या चिकित्सालयात आणि आठवड्यातून एक दिवस आम्ही सांगलीस जेथे रुग्ण पाहतो तेथे, गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारचा रुग्ण येऊ लागला आहे. वय साधारण सोळा ते तेवीस, अंगकाठी कृश किंवा नुकतीच सुटू लागलेली, डोळे लाल. तक्रार अंगठ्याच्या मुळाशी वेदना, मान आखडणे, डोळ्यांची आग, मलावष्टंभ आणि झोप न येणे यांपैकी काहीतरी असते. सोबत आई किंवा वडील असतात व रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच ते सांगतात, "डॉक्टर, हा दिवसरात्र मोबाईलवर खेळतो." रुग्ण मान खाली घालून बसतो. एकांतात विचारले असता तो हलक्या आवाजात सांगतो, "मला यातच पुढं जायचंय."

या वाक्याचे काय करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ते वाक्य ऐकून हसणे सोपे आहे, रागावणेही सोपे आहे. आम्ही दोन्ही केले आहे आणि त्याचा परिणाम पुढे नमूद केला आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मिती-विक्री करणाऱ्या सभासदांनी या रुग्णाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आमचा अल्प अनुभव व शास्त्राधार येथे मांडत आहोत.

हा खेळ आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-क्रीडा प्रदर्शनीय प्रकार म्हणून खेळविण्यात आल्या. तेथे गुजरातच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन' या खेळात कांस्यपदक मिळविले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने बहुक्रीडा स्पर्धांतील ई-क्रीडांचा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत ई-क्रीडेस प्रथमच अधिकृत पदकाचा दर्जा मिळाला आणि सात प्रकारांत पदके दिली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने एक महत्त्वाचा भेद केला : कौशल्यावर आधारलेल्या ई-क्रीडा वेगळ्या आणि पैसे लावून खेळले जाणारे खेळ वेगळे. पहिल्यांना मान्यता व उत्तेजन, दुसऱ्यांना बंदी. हा भेद पालकांना ठाऊक नसतो व अनेकदा रुग्णालाही नसतो. तो वैद्याला ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण निदानाचा अर्धा भाग त्यावर अवलंबून आहे.

"बसून खेळतात तो कसला खेळ?" असा प्रश्न सांगलीकराने तरी विचारू नये. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या नगरीचे नाव देशाच्या बुद्धिबळविश्वात झाले. भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडूचा सांगलीला अभिमान वाटतो. तोच बुद्धिबळ २०२५ साली रियाध येथील ई-क्रीडा विश्वचषकात समाविष्ट झाला. बसून खेळणे हा दोष नव्हे. मात्र बसून खेळणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

हौशी खेळाडूपासून उमेदवारापर्यंत

आपल्या भागातील बहुसंख्य मुले संगणकावर खेळत नाहीत. ती मोबाईलवर खेळतात. पबजी मोबाईल व त्यानंतर आलेला बीजीएमआय हा खेळ खेड्यापाड्यांत पोहोचला तो स्वस्त इंटरनेट व साध्या मोबाईलमुळे. मुंबईच्या नमन माथुर (खेळातील नाव 'मॉर्टल') याच्या 'टीम सोल' या संघाने २०१९ साली पबजी मोबाईल इंडिया सिरीज ही स्पर्धा जिंकली, तेव्हापासून अनेक मुलांनी हीच आपली वाट म्हणून डोळ्यांसमोर ठेवली.

या वाटेचे टप्पे वैद्याने समजून घ्यावेत. पहिला टप्पा निव्वळ मनोरंजनाचा. मित्रांसह तासभर खेळणे. दुसऱ्या टप्प्यात खेळातील श्रेणी वाढविण्याची ईर्षा लागते व खेळ नित्याचा होतो. तिसऱ्या टप्प्यात चौघांचा पक्का संघ बनतो, प्रत्येकाची भूमिका ठरते, एक जण डावपेच सांगणारा नायक होतो आणि इतर संघांशी ठरवून सराव सामने सुरू होतात. यांनाच ही मुले 'स्क्रिम्स' म्हणतात. नवख्या संघांचे हे सामने बहुधा रात्री उशिरा असतात. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा, असे चार-सहा सामने ओळीने. चौथा टप्पा खुल्या पात्रता फेऱ्यांचा आणि पाचवा वेतन देणाऱ्या संघात निवड होण्याचा.

आपल्याकडे येणारा रुग्ण जवळजवळ नेहमी दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांच्या सीमेवर असतो. येथेच खेळाचे तास एकदम वाढतात, निद्रा बिघडते, घरात कलह सुरू होतो. चिकित्सेची खरी संधीही येथेच आहे.

कुस्तीशी तुलना केल्यास ही अवस्था स्पष्ट होते. कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले, कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. या दोन्ही जिल्ह्यांत तालीम म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नाही. तालमीत येणाऱ्या पोराने कधी उठावे, किती जोर-बैठका काढाव्यात, काय खावे, कधी निजावे, दुखावलेला खांदा घेऊन मातीत उतरावे की नाही, हे सर्व वस्ताद ठरवितात. मोबाईलवर खेळणाऱ्या आपल्या या उमेदवाराची मेहनत तालमीइतकीच आहे, परंतु त्याला वस्ताद नाही. ही वस्तादाविना चाललेली तालीम आहे, आणि त्याचे बहुतेक विकार या एका उणिवेतून उद्भवतात, असे आमचे मत झाले आहे.

पहिला रुग्ण

कोरेगाव तालुक्यातील १९ वर्षांचा युवक, बारावीनंतर आयटीआयमध्ये शिकणारा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पाच महिन्यांपासून वेदना, नेत्रदाह, मलावष्टंभ, पहाटे तीन-चारपर्यंत जागरण. आम्ही वातप्रकोप गृहीत धरून अभ्यंग, स्वेदन व गुग्गुळुकल्प दिले आणि आईसमक्ष सुनावले, "मोबाईल बंद कर, नाहीतर औषधाला येऊ नकोस." त्याने दुसरा पर्याय स्वीकारला. तो आला नाही.

आठ महिन्यांनी त्याची आई स्वतःच्या गुडघ्यासाठी आली. तेव्हा कळले की तो दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होता, पोटात आग पडत होती, पाण्याचा पेला उजव्या हाताने उचलता येत नव्हता, आणि घरात तो कोणाशी बोलत नव्हता. व्याधी वाढण्यास आमचे वाक्य कारण झाले होते, हे आम्ही मान्य केले पाहिजे. आम्ही त्याला बोलावणे पाठविले. "खेळाबद्दल बोलणार नसतील तर येतो," असा निरोप आला. आम्ही उलट निरोप दिला, की आम्हांला खेळाबद्दलच ऐकावयाचे आहे.

तो आला. सुमारे चाळीस मिनिटे त्याने आम्हांला समजावून सांगितले. अंगठ्यांबरोबर दोन्ही तर्जनींनीही पडदा दाबण्याची पकड, मोबाईल मनगटातून सतत तिरका करीत नेम धरण्याची पद्धत, सामन्याच्या मध्यावर उठता न येणे. मग त्याने पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक सामन्याची तारीख, उतरण्याची जागा, झालेली चूक, पुढील वेळी काय करावयाचे, असे सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. त्या वहीत जी शिस्त होती ती त्याच्या दिवसात नव्हती. आमचे काम काय, हे आम्हांस त्या वहीने दाखविले.

दुसरा रुग्ण

तासगाव तालुक्यातील १७ वर्षांचा मुलगा. सांगलीस वडील घेऊन आले. वडील म्हणाले, "व्यसन लागलंय." मुलगा म्हणाला, "मला प्रो व्हायचंय." पहिल्या अनुभवाने पोळलेले आम्ही मुलाची बाजू घेण्यास उत्सुक होतो. परंतु विचारता विचारता चित्र वेगळे दिसू लागले. संघ नव्हता. एकच खेळ नव्हता. दर काही दिवसांनी नवा. वही नव्हती, चुकांचा विचार नव्हता. वर्षभराहून अधिक काळ महाविद्यालयात जाणे थांबले होते, घरच्यांसोबत जेवण बंद होते आणि वडिलांच्या खात्यातील बरीच रक्कम पैसे लावून खेळण्याच्या उपयोजनांवर गेली होती. खेळ थांबविण्याचा त्याने स्वतः तीन वेळा प्रयत्न केला होता व तो फसला होता. हे सांगताना तो रडला.

येथे "स्वप्न आहे, जपा" असे म्हणणे हा पहिल्याच्या विरुद्ध टोकाचा प्रमाद झाला असता. आम्ही त्यास त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले व निद्रा-अग्नी यांची चिकित्सा सहायक म्हणून चालू ठेवली.

भेद कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने व्याधींच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खेळविषयक विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातील लक्षणे तीन : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर आवडी व दैनंदिन कर्तव्ये यांपेक्षा खेळास उत्तरोत्तर अधिक प्राधान्य मिळणे, आणि हानी होत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. यामुळे वैयक्तिक, कौटुंबिक, शैक्षणिक वा व्यावसायिक जीवनात लक्षणीय बिघाड झालेला असावा आणि ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकलेली असावी. केवळ किती तास खेळतो यावरून निदान होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आम्ही पुढील प्रश्न विचारतो. पालकांस बाहेर बसवूनच विचारावेत.

१. एकच खेळ खेळतोस की अनेक? संघ पक्का आहे काय? तुझी भूमिका कोणती?
२. हरल्यानंतर काय करतोस? चूक शोधतोस की लगेच पुढचा डाव सुरू करतोस?
३. गेल्या महिन्यात ठरवून एखादा दिवस न खेळता काढलास काय?
४. खेळ लपवावा लागतो काय? कोणाशी खोटे बोलावे लागते काय?
५. पैसे लावतोस काय? कर्ज आहे काय?
६. खेळाव्यतिरिक्त आनंद देणारे काय उरले आहे?
७. जगण्याचा कंटाळा, मरणाचे विचार येतात काय?

सातवा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होकार आल्यास त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधी दुकानात लावून ठेवावा.

हेतुविचार

आयुर्वेदीय दृष्टीने या रुग्णातील हेतू शोधणे कठीण नाही.

*असात्म्येंद्रियार्थसंयोग* : चक्षुरिंद्रियाचा अतियोग उघड आहे, अंधारात तेजस्वी पडद्याकडे अगदी जवळून पाहणे हा मिथ्यायोगही होय. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच मंदावते. त्यामुळे अश्रुस्तर वाळतो व शुष्काक्षिपाकसदृश लक्षणे दिसतात.

*वेगविधारण* : चरकाचार्यांनी तेरा अधारणीय वेग सांगितले. त्यांतील मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, जृंभा व निद्रा हे सहा तर ही मुले रोज रात्री अडवितात. सामन्यात उठल्यास संघ हरतो, म्हणून ते पाणीच पीत नाहीत. मलावष्टंभ, शिरःशूल व मूत्रदाह यांचे कारण येथे शोधावे.

*रात्रिजागरण* : याने रूक्षता वाढते व वात प्रकुपित होतो. दिवसा उशिरापर्यंत झोपून त्याची भरपाई केल्यास कफ-पित्ताची विकृती त्यात मिसळते. त्रयोपस्तंभांपैकी आहार व निद्रा हे दोन्ही स्तंभ एकाच वेळी ढळतात.

*आस्यासुख* : बसून राहण्याच्या सुखास प्रमेहाच्या हेतूंत अग्रस्थान आहे. चीनमधील 'उझी' या नावाने प्रसिद्ध असलेल्या जियान झिहाओ या खेळाडूने जून २०२० मध्ये वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. जागरण, अनियमित आहार, स्थौल्य व ताण यांच्या पार्श्वभूमीवर त्यास दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जडला होता. पुढे तो काही काळ खेळात परतला. तथापि त्याची ती निवृत्ती आमच्या दृष्टीने निदानस्थानाचे जिवंत उदाहरण आहे.

आधुनिक निरीक्षणेही याच दिशेने बोट दाखवितात. अमेरिका व कॅनडातील ६५ महाविद्यालयीन ई-क्रीडापटूंच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५६ टक्क्यांना नेत्रथकवा, ४२ टक्क्यांना मान व पाठ यांची वेदना, ३६ टक्क्यांना मनगटाची वेदना आढळली. ४० टक्के कोणताही व्यायाम करीत नव्हते. आणि वैद्यकीय सल्ला किती जणांनी घेतला होता? केवळ दोन टक्क्यांनी. जो आपल्या दारात आला तो दोन टक्क्यांतला आहे. त्याला परत पाठवू नये.

चिकित्सा

*अंगुष्ठ व मणिबंध* : अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकविल्यास मुळाशी तीव्र वेदना होत असल्यास अंगठ्याच्या कंडरांचा शोथ समजावा. दोन ते तीन आठवडे पट्टीचा आधार व विश्रांती आवश्यक. पहिल्या रुग्णात आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेऊन तीन आठवडे खेळ थांबविला. या काळात त्याने जुने सामने पाहून टिपणे काढावीत असे सुचविले. तो थांबला, कारण थांबण्यासही काम होते. सोबत महानारायण तेलाचा मृदू अभ्यंग व स्वेदन. तीव्र शोथ असताना जोराने मर्दन करू नये. पुढे पकड बदलणे, मोबाईल टेकवून धरणे व मनगटातून तिरका करण्याचे प्रमाण घटविणे, हे त्याने स्वतः शोधून काढले. बोटांना मुंग्या, बधिरता, अंगठ्याखालील मांस झडणे ही लक्षणे असल्यास विलंब न करता तज्ज्ञांकडे पाठवावे.

*नेत्र* : दर वीस मिनिटांनी दूरवर पाहणे, जाणीवपूर्वक पापण्या मिटणे, खोलीत दिवा लावून खेळणे. निजण्यापूर्वी पादाभ्यंग, त्याचा दृष्टीस होणारा लाभ ग्रंथोक्त आहे आणि तो आईच्या हातून झाल्यास घरातील अबोलाही सुटतो, असा अनुभव आहे. तर्पणादी क्रिया प्रशिक्षित वैद्यानेच कराव्यात. चष्म्याचा क्रमांक तपासून घेणे कधीही विसरू नये.

*निद्रा* : येथे चरकोक्त पादांशिक क्रमाचा फार उपयोग होतो. अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी आणि तितक्याच भागाने हितकर सवय धरावी, हा तो विचार. पहाटे तीनला निजणाऱ्यास "दहाला झोप" म्हटल्यास तो डोळे उघडे ठेवून पडून राहील. आम्ही पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात बारा, चौथ्यात अकरा अशी वेळ देतो. ग्रंथोक्त दिवसांच्या अंतराऐवजी आठवड्याचे अंतर हा आमचा बदल आहे. सकाळी उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून ठाम ठेवावी. रात्री शिरोभ्यंग व पचत असल्यास म्हशीचे दूध. सराव सामने सायंकाळी खेळणारे संघ शोधण्यास सांगावे. शोधल्यास ते मिळतात.

*व्यायाम* : शास्त्रानुसार व्यायाम म्हणजे स्थैर्य व बल देणारी शरीरचेष्टा, म्हणून खेळाचे तास व्यायामात धरता येत नाहीत. सकाळी सूर्यनमस्कार व अर्धा तास जलद चालणे ही किमान मर्यादा. साताऱ्यातील मुलास अजिंक्यतारा समोर दिसत असताना अन्य साधनाची गरज नाही.

*अर्धशक्ती* : व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा व कपाळी, नासाग्री घाम आणि मुखशोष ही त्याची खूण, असे आचार्य सांगतात. बसून खेळणाऱ्यास घाम येत नाही. त्याला थांबण्याची खूण मिळत नाही. म्हणून आम्ही त्यास चार पर्यायी खुणा दिल्या : डोळ्यांत आग, अंगठ्यात जडत्व, सहकाऱ्यावर विनाकारण ओरडणे आणि एकच चूक लागोपाठ दोन डावांत होणे. यांपैकी कोणतीही एक दिसताच त्या दिवसाचा सराव संपला. चौथी खूण त्याला ताबडतोब पटली, कारण ती त्याच्याच वहीत सापडली : मध्यरात्रीनंतरच्या पानांवर त्याच त्याच चुका लिहिलेल्या होत्या.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

१. 'स्मरणशक्ती', 'एकाग्रता' या नावांनी मेध्य कल्प मागण्यास ही मुले दुकानात येतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांची उपयुक्तता निद्रा व अग्नी सुधारल्यावर पाहावी. जागरणाची भरपाई चूर्णाने होईल असे आश्वासन देऊन विक्री करू नये.

२. कॅफिनयुक्त पेयांत आपल्या देशातील अन्नसुरक्षा मानकांनुसार लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. ती मुलांसाठी नाहीत व दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक घेऊ नयेत, अशी सूचना लेबलावर असते. ती सूचना गिऱ्हाइकास वाचून दाखवावी.

३. स्पर्धक असलेल्या गिऱ्हाइकास उत्तेजकद्रव्य-प्रतिबंधाची माहिती द्यावी. ई-क्रीडेत हा प्रश्न २०१५ पासून चर्चेत आहे. त्या वर्षी एका व्यावसायिक खेळाडूने संघातील उत्तेजक गोळ्यांच्या वापराची कबुली दिल्यावर 'ईएसएल' या स्पर्धासंस्थेने चाचण्यांचे धोरण स्वीकारले. आशियाई क्रीडा स्पर्धांसारख्या ठिकाणी जागतिक नियमावली लागू होते. तीत कुपीलूतील स्ट्रिक्नीन, सोमवर्गीय वनस्पतीतील एफेड्रिन (ठरावीक मर्यादेपलीकडे) आणि विजयेतील घटक स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणजे आपली अग्नितुंडी वटी वा विषतिंदुक वटी खेळाडूस अडचणीत आणू शकते. कुपीलू हे अनुसूची ई (१) मधील द्रव्य आहे. तत्संबंधी कल्प वैद्यांच्या देखरेखीशिवाय देऊच नयेत.

४. नेत्रदाहासाठी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना मागितले जातात. दीर्घ वापराने नेत्रांतर्गत दाब वाढतो. नकार द्यावा. तसेच वेदनाशामक गोळ्या रोज नेणारा तरुण दिसल्यास त्यास "काय दुखते?" एवढे तरी विचारावे. आमच्या रुग्णास आठ महिन्यांत हे कोणी विचारले नव्हते.

पालकांशी संवाद

पालकांस खोटी आशा दाखवू नये व रुग्णासही नाही. बीजीएमआयच्या देशपातळीवरील प्रमुख स्पर्धेच्या अंतिम फेरीत सोळा संघ पोहोचतात. चौघांचा संघ धरल्यास ६४ खेळाडू. संपूर्ण देशातून ६४. शिवाय हे मैदान शासनाच्या वा कंपनीच्या एका निर्णयाने नाहीसे होऊ शकते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलसह ११८ उपयोजनांवर बंदी आली. त्याजागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये हटविला गेला व मे २०२३ मध्ये परतला. तालमीतील माती अशी एका रात्रीत कोणी उचलून नेत नाही. म्हणून शिक्षण वा हातातील कौशल्य चालू ठेवणे ही आमची पहिली अट असते. मुदत ठरवावी, उदाहरणार्थ दोन वर्षे. ती मुलाने स्वतः लिहून द्यावी आणि पालकांनी त्या काळात टोमणे मारू नयेत. बीजीएमआय २०२३ मध्ये परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची व इतरांसाठी सहा तासांची मर्यादा घालण्यात आली होती. घरातील करारासाठी हे आकडे चांगला आधार ठरतात.

समारोप

पहिल्या रुग्णाचा अंगठा साधारण चार महिन्यांत पूर्ववत झाला. त्याचा संघ दोन वर्षे पात्रता फेरीत उतरला व दोन्ही वेळा बाद झाला. लिहून दिलेली मुदत संपल्यावर त्याने आपणहून सांगितले की आता बस्स. आयटीआय पूर्ण करून तो आज मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवितो, सायंकाळी मित्रांसह तासभर खेळतो व अकरा वाजता निजतो. दुसऱ्या मुलाचे उपचार दीर्घकाळ चालले. तो पुन्हा महाविद्यालयात जाऊ लागला आहे, मधून मधून घसरतो व पुन्हा उभा राहतो. दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे आम्ही जाणतो. सभासदांनी आपले अनुभव, विशेषतः अपयशाचे, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत.

तो खेळाडू होईल की नाही हे ठरविणे आपल्या हाती नाही. वस्तादाच्या अनेक कामांपैकी दिनचर्येचे काम मात्र आपल्या शास्त्राचे आहे आणि ते आपण केलेच पाहिजे. पहिल्या भेटीत त्याला घालवून दिले तर ते करण्याची संधी राहत नाही. म्हणून पुढील वेळी असा तरुण मान खाली घालून समोर बसला असता नाडी पाहण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे : "कोणता खेळ खेळतोस? मला सांग."